चहा निवून राहिला

पडद्यावर अक्षरं उमटली तसा झुंबरने हातातला ग्लास खाली ठेवला.

"आले बघा मुकुंदसाहेब. ताई, मी चाललो स्टोअरला."

"चहा तरी संपवा."

"तुम्हीच घ्या. मला माझी बायको पुरे, तीही अशीच मागे लागते."

रोज दुपारी, चहाच्या वेळेला, कारखान्यातल्या सगळ्या टर्मिनलवर रोमन अक्षरांत एक ओळ यायची. चहा निवून राहिला. वर पाठवणाऱ्याचं नाव, मुकुंद. मुकुंद श्रावणात नरोलीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. त्याच्या जागी मला घेतलं होतं.

ते भूत नव्हे हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटर रूममधल्या मुख्य यंत्राला कमांड दिली की आत चाललेल्या प्रत्येक कामाची एकेक ओळ समोर येते. कुणी सुरू केलं, किती मेमरी अडवली, प्रोसेसरचा किती वेळ खाल्ला. त्यात एक ओळ मुकुंदची होती, त्याने जिवंतपणी सुरू करून ठेवलेली. सुताचा कारखाना तिन्ही पाळ्या चालायचा, यंत्र कधी बंद व्हायचं नाही, म्हणून तीही चालू. दिवसातून कितीदा तरी मी ती बघायचे. दिवसभर डोकमर्डीला बायडाबाईंकडे ठेवलेला माझा लहानगा अद्वैत रात्री झोपला की बघते तशी. छाती हलतेय ना, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्कर साहेब बूट बाहेर काढून आत आले. मॅनेजर असले तरी या खोलीत पायातलं कुणी आणत नसे, देवघरासारखं.

"यंत्र रखडतंय. मुकुंदचं ते आधी काढा."

"सर, ते काही खात नाही. सेल्सची मंडळी रिपोर्ट लावतात आणि टर्मिनल बंद करून घरी जातात. ते रिपोर्ट आत मेमरी धरून बसतात. मी आत्ताच काढले."

साहेबांनी आवाज उतरवला. "मेमरीचं राहू द्या हो. रात्रपाळीची पोरं भीतीने टर्मिनलला हात लावत नाहीत. उद्या खंडेनवमी, पूजेला सगळी यंत्रं बंद होतील. त्यात हेही जाईल. परत लावू नका म्हणजे झालं." दारात ते थांबले. "मुकुंदची बायको येतेय. स्वेटर न्यायला."

बाहेर सिल्वासाचा घाम आणि आत एसीचा गारठा, म्हणून खोलीत स्वेटर लागायचाच. मुकुंदचा खुर्चीच्या पाठीवर होता. बाहेरच्या फळीवर त्याच्या चपलाही होत्या. अपघाताच्या दिवशी तो बूट घालून गाडीवर गेला होता. चपला कुणी हलवल्या नव्हत्या.

सुमनवहिनी दुपारी आल्या. कडेवर लहानगी सोनम. फळीपाशी जरा वेळ उभ्या राहिल्या, मग आत आल्या.

"लोक सांगून राहिले, ते अजून इथं बोलतात म्हणून. खरं का, ताई?"

मी ती ओळ काढून दाखवली. मुकुंदचं नाव त्यांनी बोटाने गिरवलं.

"काय करतं हे?"

"झोपलेलं असतं. मधेच उठतं, घड्याळ बघतं, परत झोपतं."

"घरीही तेच करायचे," त्या म्हणाल्या, आणि जराशा हसल्या. "आता याला पाहतं कोण?"

"सुरू करणारा गेला की अशा पोरक्या कामाला यंत्रातलं पहिलं काम आपल्या पदरात घेतं. यंत्र चालू होतं तेव्हापासूनचं ते."

त्यांनी सोनमला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

तेवढ्यात ती ओळ आली. मी वाचून दाखवली. चहा निवून राहिला.

वहिनी खुर्चीत बसल्या. त्याच्याच.

"हे तर माझं बोलणं."

मुकुंद हापिसात शुद्ध बोलायचा म्हणतात. हे वऱ्हाडी 'निवून राहिला' कुठून आलं, मला आजवर कळत नव्हतं.

"कामात बसले की भान नाही. घरी मी हाका मारून थकायची. तर म्हणाले, तुझी हाक तिकडंही घालून ठेवतो. मला वाटलं, थट्टा करून राहिले."

मी म्हटलं, "वहिनी, उद्या हे बंद करावं लागेल. पण पूजेनंतर माझ्या नावाने परत लावू शकते. साहेबांना मी बघून घेईन."

सोनम स्वेटरच्या बाहीशी खेळत होती.

"नको. ज्यानं उठायचं तो नाही. दुसऱ्यांचा जीव कशाला टांगायचा." मग हळूच विचारलं, "बंद करताना त्याला झटका बसतो?"

"बसू शकतो. पण आधी सांगूनही थांबवता येतं. आवरून घ्यायला वेळ मिळतो त्याला."

"मग सांगून."

जाताना त्यांनी चपला पदराने पुसल्या आणि स्वेटरमध्ये गुंडाळून नेल्या.

खंडेनवमीला खाली ढोल वाजत होता. झेंडूचा हार घेऊन झुंबर दारात थांबला होता. यंत्राचं बटण दाबण्याआधी मी मुकुंदच्या त्या एका कामाला थांबायला सांगितलं, आणि पुन्हा यादी काढली. त्याची ओळ नव्हती. झुंबरने यंत्राला हार घातला, कुंकू लावलं.

दसऱ्यानंतर चहाच्या वेळेला झुंबर ग्लास घेऊन आला. पडद्याकडे बघत उभा राहिला. काही आलं नाही. चहा न पिता तो परत निघाला. आत येताना त्याने आपल्या चपला फळीखाली, फरशीवर काढल्या होत्या. वर एकाच जोडापुरती जागा रिकामी होती, मुकुंदच्या.