वाचलेले पुस्तक माझ्यावर ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. लाकडाची, तीन कप्प्यांची, चार चाकांची. त्यातले एक चाक कायम रुसलेले असते. ऑकलंडच्या दक्षिणेला, आगगाडीने पापाटोएटोएच्या पुढे गेले की एक उपनगर लागते, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी राहते. वाचलेली पुस्तके वाहणे हे माझे काम. मला आनंद होतो का, दुःख होते का, असे कोणी विचारले तर खरे सांगते, आता फारसे काही होत नाही.

मला घडवले तेव्हा हे वाचनालय म्हणजे सभागृहामागची एक खोली होती आणि भोवती गाईंची कुरणे. इथल्या बायका आठवड्यातून एकदा कुलूप उघडत आणि आपापल्या घरची पुस्तके आणून मांडत. एका सुताराने रिमू या इथल्या झाडाच्या उरलेल्या फळ्या जोडून मला तयार केले. माझ्यावाचून त्यांचे पान हलत नाही असे त्या बायका म्हणायच्या, आणि मी फुगून जायची. पुढे कुरणे जाऊन घरे झाली. नगरपालिकेने विटांची इमारत बांधली. कार्डांची कपाटे आली, गेली, कॉम्प्युटर आले. सामोआ-टोंगाची माणसे राहायला आली, मग भारतातली.

पुस्तके नोंदवायची यंत्रे आली तेव्हा मला भंगारात काढायचे ठरले होते. पण लोक इथेच बसून जे वाचतात ते यंत्रांना कसे कळणार? म्हणून मी राहिले. माझ्यावर इंग्रजी पाटी लागली, वाचलेले पुस्तक या गाडीवर ठेवावे. संध्याकाळी सिना नावाची आमची ग्रंथपाल माझ्यावरचे प्रत्येक पुस्तक यंत्रापुढे धरते आणि मग जागेवर लावते. माझ्यावर आले ते वाचले गेले, न आले ते कोणी वाचले नाही, असा सरळ हिशोब.

जवळच राहणाऱ्या मृदुला नावाच्या इंजिनिअरने सारखे मागे लागून इथे मराठी पुस्तकांचे एक कपाट आणवले. तिचे आईवडील, मनोरमाबाई आणि रावसाहेब, लेकीकडे लांबच्या मुक्कामाला येतात. कामावर जाताना ती त्यांना इथे सोडते. सिना त्यांना "किया ओरा" म्हणते, ते हात जोडतात. पुस्तक घरी न्यायचे नाही, हा रावसाहेबांचा नियम. नातवाने पान फाडले तर लेकीला बोल नको. मनोरमाबाई खिडकीपाशी बसून वाचत आणि निघताना पुस्तक रुमालाने पुसून, जिथून काढले तिथेच ठेवत.

माझी पाटी रावसाहेबांनी वाचली नव्हती असे नाही. ही गाडी आळशी लोकांसाठी आहे, असे त्यांनी बायकोला समजावले होते. कोणाकडे जेवायला गेले तरी आपले ताट आपण उचलणारी माणसे ती. इतर मराठी आजी-आजोबा येत, तेही तसेच. सगळ्या वाचनालयात ते कपाट सर्वांत नीटनेटके होते. मी समोरून रोज बघत होते. माझ्यावर एकही मराठी पुस्तक आले नाही.

गेल्या हिवाळ्यात मनोरमाबाई आजारी पडल्या आणि त्यांची कादंबरी अर्धी राहिली. मी बरी होईपर्यंत ती कुठे जातेय, असे त्या म्हणतात, हे रावसाहेबांनी सिनाला हसून सांगितले होते. पण तेवढ्यात वरून निरोप आला की मराठी कपाटाला कोणी हात लावत नाही, पुस्तके गोदामात पाठवा. इतक्या वर्षांत मराठी पुस्तके पहिल्यांदा माझ्यावर आली ती अशी. रावसाहेब आत आले तेव्हा सिना शेवटचा कप्पा भरत होती.

"आम्ही रोज वाचतो," ते इंग्रजीत म्हणाले.

"मग गाडीवर का नाही ठेवली?"

"तुमच्याकडे येऊन पसारा कसा करायचा?"

कपाट रिकामे करणे थांबवणे सिनाच्या हातात नव्हते. एखादे पुस्तक मात्र गोदामातून मागवता येते, असे तिने सांगितले. रावसाहेबांनी ती अर्धी राहिलेली कादंबरी मागवली. मनोरमाबाईंचे परतीचे तिकीट झालेले होते. पुस्तक वेळेत येईल की नाही, हे तिलाही माहीत नव्हते.

पुस्तक आले. निघायच्या आदल्या दिवशी मनोरमाबाई काठी टेकत आल्या आणि खिडकीपाशी बसून त्यांनी ते संपवले. मग सवयीने कपाटाकडे गेल्या. तिथे आता चित्रकोड्यांचे खोके आहेत. पुस्तक हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी ते माझ्यावर ठेवले, दोन पावले गेल्या, परत आल्या आणि सरळ केले.

संध्याकाळी सिनाने ते यंत्रापुढे धरले. यंत्र वाजले. कपाट काही परत आले नाही.

मित्रांनो, वस्तू जागच्या जागी ठेवावी असे तुम्हांला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण इथे आलात तर वाचलेले पुस्तक माझ्यावर ठेवा. उलटे, वाकडे, कसेही चालेल. मला आता वजन जाणवत नाही. त्या एका पुस्तकाचे तेवढे जाणवले.