तळच्या फळीवरचा ऊस

या मंडळी, असे पुढे सरका. गोष्ट उसाची आहे, पण ती तीर्थाच्या एका कुपीपाशी येऊन अडते.

त्र्याहत्तर साल. दुष्काळात बेण्याचा ऊससुद्धा जनावरांच्या चाऱ्याला गेलेला. देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्यानं मागच्या खोलीत रविकांत नावाचा शास्त्रज्ञ बसवला होता. उसाच्या शेंड्याचा कण बाटलीत वाढवायचा आणि एकाची शेकडो रोपं करायची, हे त्याचं काम. रोपं होत होती. पण ती ज्या घट्ट खळीवर उभी राहत, तिच्यासाठी लागणारं आगर, म्हणजे समुद्री शेवाळाची पूड, परदेशातून यायचं. रोप सोन्याच्या भावात पडायचं. चेअरमन आप्पासाहेब शांतपणे म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत स्वस्त करा. नाहीतर तिथं पोती रचू."

एकादशीला बाटल्या धुणाऱ्या रतनबाईनं आपला डबा उघडला. सकाळची साबुदाण्याची पेज थिजून बसलेली.

"बघा साहेब, उलटा केला तरी पडना. तुमचं आगर ह्यापरीस काय येगळं करतं?"

"ते खाता येत नाही, एवढंच," रविकांत म्हणाला, आणि मग त्यानंच डबा पुन्हा उलटा धरून पाहिला.

त्यानं साबुदाणा शिजवला, त्यात कारखान्याचीच साखर घातली, तीन फळ्या भरून बाटल्या लावल्या. आठव्या दिवशी कपाट उघडलं, तर वरच्या दोन्ही फळ्यांवर पांढरी बुरशी. तळच्या फळीकडे न बघताच त्यानं कपाट लावलं. खोली सोडत असल्याचं पत्र तो आप्पासाहेबांना लिहायला बसला.

रतनबाई दारात उभी राहिली. "मला कामावरून काढा, पन साबुदान्याला बोल लावू नका."

उपासाचा घास देवाला दाखवल्याशिवाय बाटलीतल्या लेकरांना कसा द्यायचा, म्हणून तिनं एकेका बाटलीचा कापसाचा बोळा काढून प्रवरासंगमाच्या तीर्थाचा थेंब सोडला होता.

"सगळ्या बाटल्यांत?"

"कुपी सपली. तळच्या फळीला पुरलं न्हाई."

रविकांत गुडघ्यांवर बसला. तळच्या फळीवर गढूळ खळीत हिरवे कोंब ताठ उभे होते. एकाही बाटलीत बुरशीचा डाग नाही. साबुदाणा निर्दोष होता; बुरशी बोळा काढून सोडलेल्या थेंबाबरोबर आत शिरली होती.

"तीर्थानं नासलं, असं कसं म्हनू मी?" रतनबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"म्हणू नका. तीर्थ घ्यायला पोट लागतं, बाई. या लेकरांना अजून ते कुठंय?"

आप्पासाहेबांनी एक बाटली आडवी-उभी करून पाहिली. "पोती दुसरीकडं रचा," ते म्हणाले. रतनबाई मग रोज कपाटाला बाहेरूनच हात जोडी.

प्रवरेकाठी हिरवा ऊस दिसला की साबुदाण्याचं कौतुक कुणीही करील. तुम्ही मात्र, मायबापहो, आपली चूक आपल्याच तोंडानं सांगणाऱ्या रतनबाईची तेवढी आठवण ठेवा.