सासूबाईंच्या खोलीतलं कार्पेट

सासूबाई ठरल्यापेक्षा आधीच येऊन थडकल्या आणि त्यांची खोली अजून तयार नव्हती.

तळमजल्यावरची मागची खोली. इतके दिवस तिथे जावयाची सायकल आणि टीव्हीचे रिकामे खोके नांदत होते. आता सासूबाई कायमच्या राहायला येणार म्हणून कोपऱ्यात भिंतीला लागून बांधलेलं जुनं कपाट काढून टाकलं होतं, रंगाऱ्याला बोलावलं होतं. राहिलं होतं कार्पेट. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेलं, राखाडी, अजून धडधाकट.

"फाडू नका हं," ऑफिसला निघताना बायकोने बजावलं. "नीट काढा. रंग झाला की तेच परत घालू."

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला. चष्म्याचा बारीक स्क्रू बसवण्यात त्याचा हात कोणी धरू शकणार नाही, पण कार्पेट त्याने आजवर फक्त झाडलं होतं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघांचं बोलणं "तब्येत बरी ना?" याच्या पुढे सरकलं नव्हतं.

"आई, तुम्ही बसा. मी करतो."

"बसून बसून कंटाळले. तुम्ही ओढा, मी धरते."

त्याने एका कोपऱ्यात पकडीने कार्पेट धरलं आणि हिसका दिला. भिंतीच्या कडेने लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, त्यांतून खिळ्यांची टोकं वर आलेली. त्यांत अडकलेलं कार्पेट टरटर करत सुटू लागलं. धूळ अशी उडाली की दोघं आळीपाळीने शिंकत राहिले. तरी काम झपाट्याने उरकलं. कार्पेटची जाडजूड गुंडाळी झाली. तिला दोरी बांधायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

तो खोलीबाहेरच्या बोळात उभा राहून ओढत होता, त्या खोलीतून ढकलत होत्या. अर्धी गुंडाळी दाराबाहेर आली, समोरच्या भिंतीला टेकली आणि तिथेच फुगून उलगडली. दार गच्च बुजलं.

"अहो, पुढे घ्या!"

"हलत नाहीये, आई."

"मग मागे ढकला."

"मागेही हलत नाहीये."

मग कार्पेटपलीकडून शाळेच्या मैदानावरचा खणखणीत आवाज आला, "अरे बाबा, जोर लाव की! सकाळी जेवला नाहीस का?"

जावई ओढायचाच थांबला. त्यांनी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. त्याला हसू फुटलं. पलीकडूनही खुदखुद ऐकू आली. दोघं हसून हसून असे बेजार झाले की होती नव्हती ती ताकदही गेली.

तेवढ्यात रंगारी भिंती बघायला आला. त्याने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता आपलं स्टूल खिडकीखाली बाहेरच्या बाजूने लावलं. सासूबाईंनी आधी चपला बाहेर टाकल्या, मग स्वतः उतरल्या. शेजारीण कुत्र्याला फिरवत होती, ती बघतच राहिली.

"काही झालं का हो?"

"नाही नाही. नवीन राहायला आलेय, खोली बघतेय," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराशी जाऊन त्यांनी बेल वाजवली.

रंगाऱ्याचे हात लागल्यावर गुंडाळी निघाली.

रंग वाळल्यावर खरी पंचाईत कळली. पूर्वी कपाट होतं तिथे जमिनीवर कार्पेट कधी घातलंच नव्हतं. आता खालचा फोम सारखा करून, कडा ताणून, खिळ्यांवर दाबून कार्पेट छान बसलं, पण एका कोपऱ्यात उघडी जमीन तशीच.

"तिथे पलंग ठेवू, झाकलं जाईल," जावई म्हणाला.

"पलंग खिडकीपाशी. मला सकाळी उजेड लागतो."

"मग टेबल?"

"झाकायचं कशाला? तुकडा आणून बसव."

"हा रंग आता मिळत नाही, आई. दुकानात विचारलं मी."

"मिळेल तो आण!"

"कसाही दिसला तर मला बोलायचं नाही."

"बोलणार! पण आण तरी."

तो तणतणत गेला आणि हाती लागला तो उरलेला तुकडा घेऊन आला. हळदीसारखा पिवळाधमक. सासूबाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "काप." त्याने तो चष्म्याची काच बसवावी तसा अचूक बसवला. त्यांनी आपली खुर्ची तिथे ओढली, बसल्या आणि दोन्ही पायांनी पिवळा रंग चाचपून पाहिला.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून घरी आली. दारातच थबकली.

"हा रंग कोणी निवडला?"

आई जावयाकडे बोट दाखवत होती, जावई आईकडे.

"आणि न भांडता केलंत एवढं सगळं?"

"भांडलो की!" सासूबाई खुशीत म्हणाल्या. "तू जरा लवकर आली असतीस, तर ऐकायला मिळालं असतं."