हिल्डुरची आंघोळ

टेकाडावरून नदीकाठची बास्तू, वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, दिसली, तिच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर दिसला, आणि आउनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पुढे बसलेल्या टूरेच्या पाठीवर थाप मारली. त्याने बर्फावरची स्कूटर थांबवली. मागच्या घसरगाडीवर, आईने चिंध्यांपासून विणलेल्या सतरंजीत गुंडाळलेली, आउनेची मोठी बहीण हिल्डुर होती. काल पहाटे ती घरीच, आपल्या पलंगावर वारली होती.

"पेटवलीय," आउने म्हणाली.

"दिसतंय," टूरे म्हणाला. चाळीस वर्षांचा शेजार होता, पण त्याचं बोलणं एवढंच.

"सख्ख्या आईला धुवायचंय आणि ही बया चूल पेटवून बसलीय. लाज कोळून प्यायलीय नुसती."

मेलेल्या माणसाला गावात बास्तूतच धुवायचं, पण थंड बास्तूत. पाणी तेवढं कोमट करून घरून न्यायचं. चूल पेटवायची नाही, दगड तापवायचे नाहीत. गेलेल्या देहाला ती धग सोसत नाही. हे नदीच्या या काठाला कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून काल फोनवर आउनेनेही हिल्डुरच्या मुलीला, ॲनेलीला, सांगितलं नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली होती, की उद्या बास्तू तुझ्या आईला लागेल, तुझे ते पाहुणे रद्द कर. त्यावर ॲनेली म्हणाली होती, "बघते मी मावशी. सगळं तयार ठेवते."

तयार. अगं, कसलं तयार.

ही बास्तू आजोबांनी बांधली. आउने आणि हिल्डुर, दोघी तिच्याच खालच्या बाकावर जन्मल्या. दोघींनी आपल्या आईला इथेच धुतलं, त्याला आता अडतीस वर्षं झाली. त्या दिवशी हिल्डुर ओल्या हातांनी म्हणाली होती, "मला तूच धुवायचंस. आणि इथेच." आउनेने शब्द दिला होता. आता दुपारचा एक वाजला होता आणि चार वाजता शहरातून शववाहिका यायची होती. चारनंतर हिल्डुर परक्या माणसांच्या, स्टीलच्या टेबलांच्या ताब्यात जाणार होती.

"चल खाली," आउने म्हणाली.

बास्तूच्या दारापाशी ॲनेलीने लावलेली पाटी होती. तीन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडून आईकडून बास्तू चालवायला घेतली, तेव्हाची. 'आदिम शांतता. आमचे पूर्वज इथे जन्मले. इथेच त्यांना अखेरचं स्नान घातलं गेलं. या, स्वतःला नव्याने भेटा.' आउने जेव्हा जेव्हा ती पाटी वाचायची, तेव्हा तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक जायची. शनिवारची आंघोळ होती ती. आठवड्याचा मळ काढायचा, शेजारणीची पाठ घासायची, चार कुचाळक्या करायच्या, घरी येऊन कॉफी प्यायची. स्वतःला कोण कशाला भेटायला जाईल, स्वतः काय हरवलं होतं का कुठे?

दारात ॲनेली उभी होती. अंगात तागाचा लांब झगा, हातात वाळूचं घड्याळ. तिने आधी आउनेला पाहिलं, मग घसरगाडी, आणि लगेच नजर नदीकडे वळवली.

"मावशी, मी दोन म्हटलं होतं. मेसेज केला होता तुला."

"तुझे मेसेज मी नाही वाचत. आत कोण आहे?"

"सहा जण आहेत. स्टॉकहोमहून आलेत. तीन महिने आधी ठरलेलं होतं, आदल्या दिवशी कसं रद्द करू? दोन वाजता उठतील ते. मग आणायचं ना आईला."

"मग आणायचं. म्हणजे त्यांचं झालं की उरल्यासुरल्यात तुझी आई. हिला काय रांगेत उभी करतेस?"

"हळू बोल. आत मौनाचं सत्र चाललंय."

आउनेच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. "मौनाचं सत्र. तुझी आई कालपासून मौनात आहे, तिचं नाही तुला काही. त्या पाटीवर तिच्या मरणाची जाहिरात लावलीस, पण मरण दारात आलं तर म्हणतेस दोननंतर या. काल संध्याकाळी घरी आलीस तर उंबऱ्यातून माघारी गेलीस. आईचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीस तू. शहरातल्या लोकांना घाम काढायला वेळ आहे तुला, आणि हिला दोन तांबे पाणी घालायला नाही."

ॲनेली दारातून हलली नाही. "तुला काय माहीत, मला कशाला वेळ आहे ते."

"हो बाजूला."

आउने बूट काढून आत शिरली. बाहेरच्या खोलीत हुकांवर महागडे कोट टांगले होते. तिने आतलं दार उघडलं आणि धग तोंडावर आली. राग गळ्यापर्यंत आला होता, पण उंबरा ओलांडल्यावर आवाज आपोआप खाली गेला. बास्तूत भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. आईने एकदा दोघी बहिणींना एवढ्याचसाठी ओल्या केसांनी बर्फात उभं केलं होतं. सत्तरी ओलांडली तरी ते अंगातून गेलं नव्हतं.

बाकांवर सहा जण पोहण्याच्या कपड्यांत, डोक्यावर लोकरीच्या टोप्या घालून, डोळे मिटून बसले होते. आउनेने दगडांवर सांडलेल्या कसल्याशा तेलाचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

"नमस्कार," ती अगदी हळू म्हणाली. "मी आउने. ही बास्तू माझ्या आजोबांची. बाहेर माझी बहीण आहे, ती काल वारली. तिला इथे धुवायचंय. तुम्ही आता उठा."

कुणी हललं नाही. मग वरच्या बाकावरच्या एका बाईने एक डोळा उघडून शेजारच्या पुरुषाला विचारलं, "हा कार्यक्रमाचाच भाग आहे का?"

बाहेर असती तर आउनेने तिच्या डोक्यावर बादली पालथी घातली असती. इथे तिने दोन्ही मुठी कोटाच्या खिशात कोंबल्या. "नाही बाई," ती म्हणाली. "ती खरंच वारलीय. दारात घसरगाडीवर झोपवलीय. जाताना जरा बघून जा, पाय लागेल नाहीतर."

मग मात्र ते उठले. कुणी सॉरी म्हणालं, कुणी काहीच नाही. वरच्या बाकावरच्या त्या बाईने दारात थांबून सतरंजीकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते वर पाहुण्यांच्या घराकडे गेले तेव्हा सव्वा वाजून गेला होता.

आउनेने दोन्ही दारं सताड उघडली. धग काही हटेना. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा ऐंशी अंशांवर होता आणि चुलीत बर्चची लाकडं लालबुंद झाली होती. चारपर्यंत हे निवणं शक्य नाही, हे तिला एका नजरेत कळलं. आता बाहेर येऊन तिला मनसोक्त ओरडता येणार होतं, आणि ती ओरडली.

"बघ काय करून ठेवलंस. ऐंशी. मेलेल्या माणसाला ऐंशीत नेतात का कुणी? शब्द दिला होता मी तिला, तो तू मोडलास. तुझ्या सहा जणांपायी."

"त्यांच्यासाठी नाही पेटवली," ॲनेली म्हणाली.

"मग?"

"त्यांची वेळ अकराची होती, एकला संपत होती. मी आणखी लाकडं घातली. आईसाठी. म्हणून दोनपर्यंत बसा म्हटलं त्यांना, आत माणसं असली म्हणजे चूल पेटती ठेवावीच लागते." तिने हातातलं वाळूचं घड्याळ पायरीवर ठेवलं. "काल मी उंबऱ्यातून परत नाही गेले. तू सतरंजीची पेटी आणायला गेलीस तेव्हा आत गेले होते. तिचा हात धरला. इतका गार होता मावशी. मला वाटलं, निदान आंघोळीला तरी तिला ऊब मिळू दे. गरम लागतं असंच वाटलं मला. मी तर लोकांना दर आठवड्याला तसंच सांगते."

"कुणी सांगितलं तुला गरम लागतं म्हणून?"

"कुणीच नाही. आजीला तुम्ही धुतलंत तेव्हा मला टूरेकाकांकडे पाठवलं होतं. मी पळून आले, दार वाजवलं. तुम्ही उघडलं नाहीत."

आउनेला ते दार आठवलं. पाच वर्षांची पोर बाहेर दार बडवत होती आणि हिल्डुर म्हणाली होती, वाजवू दे, लहान आहे, नको हे तिला. मग मोठी झाल्यावरही कुणी तिला हे शिकवलं नाही. पोरगी तिथेच, दाराबाहेर राहिली आणि आत काय होतं ते तिने आपल्या मनाने रचलं, पाटीवर लिहिलं, विकलं. आउनेचा राग अजून होता तेवढाच होता, पण तो घालायचा कुणावर ते कळेना.

"टूरे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "फावडं आण."

फावडं ॲनेलीनेच घेतलं. तिने झग्याच्या बाह्या वर केल्या, चुलीत फावडं घातलं आणि निखारे बाहेर नेऊन बर्फात फेकले. परत गेली, परत आणले. निखारे संपल्यावर तिने चामडी हातमोजे चढवले आणि वरचे दगड बादलीत भरभरून बाहेर काढले. आजोबांनी नदीतून वेचलेले दगड होते ते. बर्फात पडले की चर्र करून खाली रुतत होते. ती रडत होती आणि थांबत नव्हती. आउनेने तिला थांबवलं नाही. ती घसरगाडीपाशी बसून राहिली, बहिणीच्या डोक्यावरून सतरंजी नीट करत.

तीन वाजता काटा दहाच्या खाली आला. टूरेने घरून कोमट पाण्याच्या दोन बादल्या आणल्या आणि हिल्डुरला खालच्या बाकावर ठेवायला हात लावला. मग तो बाहेर निघाला आणि सवयीने दार ओढू लागला.

"राहू दे उघडं," आउने म्हणाली.

ॲनेली काजळीने काळे झालेले हात धुऊन आत आली आणि बाकापाशी उभी राहिली. आउनेने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि तिच्या हातात दिलं.

"कुठून सुरू करायचं?" ॲनेलीने विचारलं.

"तोंडापासून," आउने म्हणाली. "सावकाश. गाडीवाला थांबेल."