रिकाम्या खोक्याचे वजन

“तुझ्या धाकट्याचं काय चाललंय, ताई?” केळीची फणी खोक्यात बसवत धम्मानंदाने बहिणीला विचारले.

“उतरून राहिलाय,” पंचशीला म्हणाली. “थोरला मात्र लई वर चाललाय.”

पॅकिंगच्या कामावर नव्याने आलेल्या सिंधुबाईने सहानुभूतीने पाहिले. “दीर हायत का तुमचे?”

“न्हाई मावशी. देश हायत.”

समुद्रातल्या दोन चिमुकल्या देशांनी गेल्या वीस वर्षांत बाहेरून किती कागद आणि पुठ्ठा आणला, याची तुलना हा पंचशीलाच्या पीएच.डी.चा विषय होता. घरच्यांनी त्यांना थोरला आणि धाकटा अशी नावे दिली होती. नांदेडच्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत असे. प्रबंध सोमवारी दाखल झाला, तर पदवी वेळेत मिळून कायम जागेच्या मुलाखतीला बसता येणार होते. अशी जागा बऱ्याच वर्षांनी निघाली होती.

पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष असा: थोरल्याची आयात वाढली, धाकट्याची घटली, सबब धाकट्याची अर्थव्यवस्था आटत आहे. वाक्य डौलदार होते.

धम्मानंद जिथे काम करी त्या मुदखेडच्या शेडमधून भरलेली खोकी आखातात जाणाऱ्या गाडीत चढत होती. पंचशीला त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“धम्मा, तिकडं उतरल्यावर हे खोकं कशात मोजतात?”

“कशात म्हंजे? केळीत. खोक्याला कोण विचारतंय?”

ती उभी राहिली. थोरला मासळी विकत असे; त्यासाठी तो पुठ्ठा आणून खोकी बनवी. धाकटा अलीकडे बिस्किटांपासून चपलांपर्यंत सगळे तयार घेई, आणि ते खोक्यांतूनच येई. पुठ्ठा त्याच्याकडेही उतरत असावा. फक्त बिस्किटांच्या नावाने. हा पुरावा नव्हता, शंका होती. पण पाचव्या प्रकरणातला निष्कर्षही शंकाच होती. त्या शंकेला फक्त अनुक्रमांक मिळाला होता.

तिने मार्गदर्शक सिद्धेश्वर सरांना फोन लावला. सरांनी शांतपणे ऐकून घेतले.

“परीक्षकांच्या लक्षात येणार नाही हे.”

“माझ्या आलंय ना, सर.”

“मग मर्यादा म्हणून एक ओळ टाक शेवटी.”

“ही मर्यादा न्हाई, सर. मूळ प्रश्नच हा हाय.”

“सहा महिने जातील, पंचशीला. मुलाखत तर गेलीच समज.”

“हाव, सर. समजलं.”

तिने फोन ठेवल्यावर धम्मानंदाने हातातली फणी पुसली. “आईनं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलंय, ताई परमनंट होणार म्हणून. तिला काय सांगू?”

“सांग, धाकटा अजून जित्ता हाय.”

तो हसला नाही. त्याने वजनकाट्यावरची केळी उतरवली.

“एक रिकामं खोकं दे. मालासंगं पुठ्ठा किती जातो ते बघू,” ती म्हणाली.

खोके काट्यावर ठेवले. पंख्याच्या वाऱ्याने ते हलके थरथरत होते, आणि आकडा एका जागी ठरत नव्हता. धम्मानंदाने न सांगता पंखा बंद केला. दुपार तापलेली होती. सिंधुबाईने पदराने कपाळ टिपले. पत्र्याखाली तिघेही घामाघूम होऊन आकडा स्थिर होण्याची वाट पाहत उभे राहिले.