टुंड्राचा पतंग पानिपतला

बायको, वीणा, गेल्याचा फोन आला तेव्हा अविनाश दिल्लीतल्या द्वारकेत सोसायटीच्या बैठकीत गच्चीच्या चावीवरून भांडत होता. फोन प्रसन्नचा होता. तो वीणाच्या हाताखाली काम करायचा आणि उत्तर ध्रुवाजवळच्या त्यांच्या तळावरून बोलत होता.

"काका, बसलाय ना तुम्ही?"

"बसून भांडता येतं का? बोल लवकर."

मग प्रसन्न बोलला. पतंगाची दोरी हातात असतानाच वीणाचं हृदय थांबलं होतं.

बैठक तहकूब झाली. नंतर लोक भेटायला येऊ लागले. बाहेर जुलैचा घामट उकाडा, आणि जो तो "थंडी बाधली असणार" असं निदान करून, चहा पिऊन जात होता. सेक्रेटरी खन्नासाहेब तर फारच हळहळले. "भाभीजी इतनी पढ़ी-लिखी थीं, और वहाँ पतंग उड़ा रही थीं?"

"हाँ जी," अविनाश म्हणाला. "यहाँ छत की चाबी नहीं मिली."

खन्नासाहेबांनी बिस्कीट खाली ठेवलं.

पतंग उडवणं हेच तिचं काम होतं. टुंड्रा म्हणजे बर्फाळ मुलूख. तिथली जमीन उन्हाळ्यात जेमतेम वीतभर वितळते आणि झाड म्हणवणारं झाडही घोट्याच्या वर जात नाही. ही खुरटी झाडं दरवर्षी किती जागा बळकावतात, ते वीणा वरून फोटो काढून पाहायची. ड्रोनची बॅटरी थंडीत मान टाकते, आणि त्याच्या आवाजाने पक्षी घरटी सोडून पळतात. पतंगाला फक्त वारा लागतो. म्हणून मोठ्या पतंगाच्या दोरीला कॅमेरा टांगायचा आणि दरवर्षी त्याच जमिनीचे फोटो घ्यायचे.

पण कॅमेऱ्याचं भिंग कडेची जमीन थोडी वाकडी दाखवतं. किती वाकडी, ते दरवर्षी नव्याने मोजावं लागतं. त्यासाठी परत आल्यावर वीणा पानिपतजवळच्या एका मोकळ्या शेतात पांढरे कापडी चौकोन मोजून अंथरायची आणि तोच कॅमेरा तेवढ्याच उंचीवर चढवायची. रीळ धरायला अविनाश. हे माप मिळालं की त्या वर्षीचे फोटो आधीच्या नकाशांवर बसायचे.

या वर्षी वीणा लवकर परतली, पेटीतून. कॅमेरा मात्र कुठल्याशा गोदामात आराम करून डिसेंबरात आला. तोवर दिल्लीच्या धुराने जमीन आणि आकाश एक करून टाकलं होतं. द्वारकेत उडवण्याचा प्रश्नच नव्हता. विमानतळ उशाशी. तिथे पतंगाला कॅमेरा बांधला तर अविनाशचा फोटो वर्तमानपत्रात आला असता. प्रसन्न पुन्हा मोहिमेवर गेला होता. जाताना बजावून गेला, "काका, मी येईपर्यंत थांबा." अविनाश थांबला नाही. वीणाचा शेवटचा उन्हाळा पेटाऱ्यात पडून राहावा, हे त्याला सहन होईना.

लक्ष्मीबाई नगरात राहणारी मेहुणी, साधना, गाडी चालवायला तयार झाली. दिवस तिनेच काढला. "वसंत पंचमी, भाऊजी. सरस्वतीचा दिवस. विद्येच्या कामाला याहून चांगला मुहूर्त नाही."

"आणि आकाशही मोकळं," अविनाशने आपली अक्कल पाजळली. "पतंगांची संक्रांत झाली. दिल्लीवाले उडवतात पंधरा ऑगस्टला. मधे कोण येतंय?"

वाटेत साधना म्हणाली, "पानिपतला निघालोय खरे. आपल्या लोकांचा तिथला अनुभव फारसा बरा नाही."

"ते मुहूर्त न बघता गेले होते."

सकाळी शेतात पोचले तेव्हा आकाश खरंच मोकळं होतं, कारण वाराच नव्हता. चौकोन अंथरून झाले, डबा खाऊन झाला. दुपारकडे वारा सुटला आणि पतंग झकास चढला. त्याच वाऱ्यासरशी पलीकडच्या वस्तीतल्या सगळ्या गच्च्यांवर पिवळे कपडे घातलेली माणसं उगवली. लाउडस्पीकर सुरू झाले आणि आकाश पतंगांनी भरून गेलं. पंजाब-हरियाणात पतंगांचा सण वसंत पंचमीलाच असतो, हे दिल्लीत जन्म काढलेल्या या दोघांच्या गावीही नव्हतं.

"भाऊजी, उतरवा!"

"थोडं राहिलंय. तिच्या उंचीला पोचू दे."

"ते बघा, तो लाल आपल्याच अंगावर येतोय. उतरवा म्हणते ना!"

"दोन मिनिटं, साधना."

लाल पतंगाने दोन मिनिटं दिली नाहीत. त्याच्या मांज्याने वीणाची जाड दोरी कापली. सगळ्या गच्च्या एका सुरात ओरडल्या, "वो काटा!" ध्रुवावरच्या वादळांना जे जमलं नव्हतं ते पानिपतने पुन्हा एकदा करून दाखवलं.

पतंग भरकटत गेला आणि कॅमेरा एका गोदामाच्या आवारात पडला. तिथे सूत काढण्यासाठी जगभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग होते. ते सगळे चुकवून तो सिमेंटच्या ओट्यावर आपटला. अविनाश धापा टाकत पोचला, तर लाल पतंगवाला तिथे आधीच हजर. आनंदाने हात मिळवत तो म्हणाला, "अंकल, बढ़िया पेच लड़ाया! इतनी बड़ी पतंग कहाँ से मँगाई?"

"उत्तर ध्रुव से."

"अच्छा! उधर भी बसंत मनाते हैं?"

"मेरी वाइफ मनाती थी," अविनाश म्हणाला.

तो माणूस हसला, मग हसायचा थांबला. कापडाचं एक फडकं शोधून आणलं आणि फुटलेल्या भिंगाचे तुकडे त्यात गोळा करू लागला. साधना मागून आली. "मी सांगत होते," हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते. ते तिने गिळले आणि तीही खाली बसून तुकडे वेचू लागली.

कॅमेऱ्यातलं कार्ड वाचलं होतं. त्यावरचे त्या दिवशीचे फोटो अविनाशने पाठवले, ते प्रसन्नने आठवड्याने पाहिले. "काका, उंची कमी पडली. यावरून माप निघत नाही. आणि दुसऱ्या भिंगाचं माप याला चालणार नाही."

"मग दुसरा काही मार्ग?"

"शोधतो. मिळेलच असं नाही म्हणत."

वीणाचे शेवटच्या उन्हाळ्याचे फोटो अविनाशकडे आहेत. आधीच्या नकाशांवर ते अजून बसवलेले नाहीत.