काहिलीतली शेळी

सुकन्याचं आणि माझं लग्न मोडलं.

तसं काही झालं नाही. लग्न मोडायला आधी जमावं लागतं, आणि आमचं जमलंच नव्हतं असं घरात ठरलंय. आई तर विचारणाऱ्याला सांगते, "आमी त्या गावाला कधी गेलोच न्हाई." मग मी कुठे गेलो होतो, आणि एकाच दिवशी दोनदा का गेलो होतो, तेवढं सांगायचं राहतं.

हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती, पण कयाधूवरच्या त्या पुलाला हे कळलं नव्हतं. परतीच्या पावसात तो नेहमीसारखा पाण्याखाली गेला. पलीकडे सुकन्याच्या गावात टिळ्याचा कार्यक्रम मांडलेला. अलीकडे आम्ही: मी, थोरला भाऊ रामप्रसाद, मुंजाजीमामा आणि पेढ्यांची टोपली. पूर आला की तिथले लोक गूळ करायची काहील पाण्यात सोडतात आणि दोन्ही काठांच्या बाभळींना बांधलेला दोर ओढत ये-जा करतात. काहिलीत दोर ओढणारा आणि आणखी एक, एवढंच मावतं.

रामप्रसाद तेव्हा तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करून राहिला होता. पूर बघून तो खुलला आणि दोर ओढायला स्वतःच पुढे झाला.

"हे तर लांडगा, शेळी आन् गवताचं कोडं हाय. एका खेपेला एकच न्यायचं. एकटं सोडलं तर लांडगा शेळीला खातो, शेळी गवत खाते."

"लांडगा कोन?" मामांनी विचारलं.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडेच बघितलं, त्यावरून मामांना कळलं.

मामांना त्यांची ज्योती मला द्यायची होती. भाच्यावर पहिला हक्क मामाच्या पोरीचा, हे ते बाळापूरपर्यंत एसटीत आणि पुढे पायी सांगत आले होते. त्यांच्यापाशी मला एकटं सोडणं धोक्याचं, कारण मी कुणाचंही ऐकतो. टोपलीपाशी सोडणं त्याहून धोक्याचं; तिचा एक कोपरा एसटीतच खचला होता. मामांना शुगर, त्यामुळे ते आणि पेढे एकमेकांपासून सुरक्षित होते.

"टोपली मी मांडीवर घेतो की," मामा म्हणाले.

"एका खेपेला एकच नग. कोड्यातल्या लांडग्याला मांडी नसती, मामा."

या कोड्यात लोक एकाच जागी अडतात. एकदा पलीकडे नेलेलं मागे आणायचं नाही, असं ते धरून बसतात. मेख तिथेच आहे. आधी शेळी न्यायची, मग लांडगा. लांडग्याला उतरवायचं आणि शेळीला माघारी आणायचं. मग तिला इथे ठेवून गवत न्यायचं, आणि शेवटी पुन्हा शेळी. शेळीला हेलपाटा पडतो, पण कुणी कुणाला खात नाही. मला हे फार हुशारीचं वाटलं. आमचं घर मेंढरं-शेळ्या राखणारं. शेळीला उचलताना तिला विचारायची आमच्यात पद्धत नाही.

पहिली खेप माझी. पलीकडे सुकन्याच्या वडिलांनी, ग्यानोबांनी, काठावरच माझे पाय धुतले. बायकांनी ओवाळलं, टिळा लावला. सुकन्या बाभळीआड उभी होती. मागे बाळापूरच्या बाजारात ती बोकड घेताना मी तिला म्हटलं होतं की हा माझा चुलतभाऊ आहे, जपून न्या. ती न हसता म्हणाली होती, "व्हय, तोंडावरून कळतंय." तेव्हापासून मला दुसरी कुणी नको होती.

मग रामप्रसाद मामांना घेऊन आला आणि मला म्हणाला, "बस. चल माघारी."

"काहून?" ग्यानोबांच्या हातात अजून तांब्या होता.

"गणित हाय, पाव्हणं. फिकर करू नका."

टिळा लावलेला नवरदेव शिवेवरून मागे फिरला तर त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. तो मलाही माहीत होता.

सुकन्या सगळ्यांदेखत पुढे आली. "तुमाला थांबायचंय का जायचंय?"

शेळीला बोलता येत नाही. मला येतं. मी रामप्रसादकडे बघितलं आणि काहिलीत बसलो.

कोड्यात पलीकडचा काठ रिकामा असतो. इथे त्या काठावर सगळं गाव उभं होतं, आणि गावात आम्ही लांडगा सोडून आलो होतो. मामा फार बोलले नाहीत म्हणे. एवढंच म्हणाले, "पोराचं मन दुसरीकडं असंल."

टोपली गेली. मी अलीकडे टिळा लावून एकटा उभा. मग मीही गेलो. तोवर तिथे पाट नव्हता, ताट नव्हतं, माणूस नव्हतं. टोपली होती आणि तिच्याशेजारी मामा. रामप्रसादनं आम्हा तिघांना नीट बघून घेतलं. कुणी कुणाला खाल्लं नव्हतं.

"सुटलं," तो म्हणाला.

घरी येताना एसटीत टोपली माझ्या मांडीवर होती. मी एकही पेढा खाल्ला नाही. पुढे ज्योतीनंही नकार कळवला. काहिलीची गोष्ट तिच्या गावापर्यंत गेली होती.

तरी मा. जिल्हाधिकारी साहेब, हिंगोली, यांना नम्र विनंती की, कयाधू नदीस यापुढे एकच काठ ठेवण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास, कु. सुकन्या ग्यानोबा यांनी काठावर विचारलेल्या प्रश्नास अर्जदाराचे 'थांबतो' हे उत्तर मागील तारखेपासून ग्राह्य धरण्यात यावे, आणि सदर काहील त्या खेपेस रिकामी परत पाठविण्याचे आदेश व्हावेत.